टेलगेट बँडच्या सुमारपणाचा दाखला

शुक्रवारी सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी प्रथमेश टेंबे याला त्याच्या कंपनीने लेखी कळवलं, की तो फार चांगलं गातो. सोमवारी दुपारी बारापर्यंत याचा समाधानकारक खुलासा करावा, असंही त्याच ईमेलमध्ये म्हटलं होतं.

प्रथमेश मूळचा नागपूरचा. गेली अकरा वर्षं तो मिशिगनमधल्या नोव्हायला राहून मोटारीच्या डिकीचं कुलूप उघडण्याचं सॉफ्टवेअर लिहितो. त्याच्या व्हिसाचा अर्थ थोडक्यात असा, की या देशात त्याने डिकीचं कुलूप उघडावं, दुसरं काही उघडू नये. हा व्हिसा वाढवून घेण्याची फाइल कंपनी सोमवारी दुपारी पाठवणार होती. वीकेंडला मात्र तो 'टेलगेट', म्हणजे डिकीचं दार, नावाच्या बँडमध्ये कंट्री, म्हणजे अमेरिकेतली गावाकडची, गाणी गात असे. गाणी दुसऱ्यांची, जुनी. त्यांत ट्रक असतो, व्हिस्की असते, मेलेला कुत्रा असतो आणि सोडून गेलेली बायको असते. प्रथमेशकडे यांतलं काहीच नव्हतं. मिनीव्हॅन होती, आणि सोडून न गेलेली बायको, रेणू.

बँडमध्ये आणखी दोघं. कादंबरी पुण्यात सहाव्या वर्षापासून व्हायोलिन शिकली. इथे त्याच व्हायोलिनला फिडल म्हणतात एवढाच काय तो फरक. अतुल ड्रम वाजवतो. नोकरीत तो प्रोजेक्ट मॅनेजर आहे, त्यामुळे ताल चुकला तरी वेळ चुकत नाही.

टेलगेट कुणाकडून काहीही घेत नसे. ते सगळं नियमात होतं. पण गेल्या महिन्यात कुणीतरी त्यांचा व्हिडिओ टाकला आणि त्याखाली त्रेचाळीस जणांनी लिहिलं, की हे तर व्यावसायिकांपेक्षा बरे आहेत. कंपनीने तो बघितला.

"प्रथमेशदादा, फुकट गायला काही प्रॉब्लेम नाही," त्याची वकील प्रीता फोनवर म्हणाली. ती मिशिगनमध्येच जन्मली. मराठी तिने आजीशी फोनवर बोलत शिकलेली. "लॉ इज फाइन विथ फुकट. पण तुमच्या कंपनीचं म्हणणं, इतकं चांगलं गातो तर ती हॉबी कशी? त्यांच्या पॉलिसीत हॉबीची डेफिनिशन आहे."

"काय आहे?"

प्रीताने वाचून दाखवली. 'छंद म्हणजे अशी कृती, जी करताना करणाऱ्याला आनंद होतो आणि इतरांना फारसा होत नाही.'

"फिफ्टी लोकांच्या सह्या लागतील. फॅमिली नको. फॉर्म पाठवते."

फॉर्म आला.

*नमुना ७-ब. मी, खाली सही करणार, सदर गायन ऐकले. ते ऐकून मला विशेष काही झाले नाही. सही. शेरा, असल्यास.*

"वीकेंडचे तिन्ही गिग कॅन्सल करू यार," अतुल म्हणाला.

"डोन्ट! कॅन्सल फक्त प्रोफेशनल लोक करतात," प्रीता स्पीकरफोनवरून म्हणाली. "तुम्ही गा. जस्ट, वाईट गा. आणि बँडविषयी कुठेही काही लिहिलं तर ते फाइलला लागणार, सो चांगलं ॲडजेक्टिव्ह दिसता कामा नये."

प्रस्तुत मजकूरही फाइलला लागणार असल्याने पुढे आवश्यक त्या ठिकाणी विशेषणं वगळली आहेत. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

कार्यक्रम पहिला. शुक्रवार, संध्याकाळी सहा. डेलचा बार. उद्दिष्ट: पन्नास सह्या.

प्रथमेशने ठरल्याप्रमाणे पहिलं गाणं अर्धा सूर उतरवून धरलं. लोक गप्प झाले. दुसऱ्या कडव्यात तो मुद्दाम शब्द विसरला आणि वीस सेकंद जमिनीकडे बघत उभा राहिला. कोपऱ्यातल्या एका दाढीवाल्याने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

"ट्रक विकला तेव्हा माझंही असंच झालं होतं," तो शेजारच्याला म्हणाला. "शब्दच फुटेनात."

तिसऱ्या गाण्यात प्रथमेशने नाकातून आवाज काढला. दोन बायका रडल्या. चौथ्यात त्याने गिटारची एक तार सैल केली, तर बारचा मालक डेल स्वतः काउंटरमागून बाहेर आला.

"सही करता का?" कादंबरीने फॉर्म पुढे केला. डेलने चष्मा लावून तो वाचला आणि परत दिला.

"नाही करणार, बाई. खोटं लिहायची मला सवय नाही. मला झालं. विशेष झालं."

मग त्याने फ्रेंच फ्राइजची मोठी प्लेट पाठवली. कादंबरी दुपारपासून उपाशी होती.

"हात लावू नकोस," अतुल पुटपुटला. "कॉम्पेन्सेशन आहे ते, गाण्याचा मोबदला."

"अरे, एक घेते."

"एक घेतलं तरी कॉम्पेन्सेशनच."

प्लेट परत गेली. ही माणसं खायलासुद्धा काही घेत नाहीत, निव्वळ गाण्यासाठी गातात, ही बातमी टेबलाटेबलावरून फिरली आणि सगळा बार उभा राहून टाळ्या वाजवू लागला.

मिळालेल्या सह्या: शून्य.

कार्यक्रम दुसरा. शनिवार, दुपारी बारा. जिल्ह्याची जत्रा. एका बाजूला शेळ्यांचा गोठा, दुसऱ्या बाजूला ॲपल पाय भाजण्याची स्पर्धा. उद्दिष्ट: पन्नास सह्या.

अतुलने कामाची फेरवाटणी केली. गाणार तो स्वतः, जो शाळेच्या प्रार्थनेनंतर कधी गायला नव्हता. ड्रमवर प्रथमेश. गिटार कादंबरीकडे, जिने ती आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतली होती आणि सुरुवातीला उलटी घेतली होती.

शिवाय त्याने जत्रेचे नियम वाचले होते. जत्रेत सगळ्यालाच रिबन मिळते: भोपळ्याला, डुकराला, बँडला. सगळ्यात खालची पांढरी, नुसत्या सहभागाची. "ती रिबन फाइलला लावली की विषय संपला," तो म्हणाला. "सरळ पुरावा."

गाण्यांच्या परीक्षकाची पाठ धरल्यामुळे परीक्षण वांडाबाईंकडे आलं होतं. त्या एरवी शेळ्यांचं करतात. अतुलची तीन गाणी त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि येऊन त्याच्या शर्टाला निळी रिबन लावली. निळी म्हणजे पहिली.

"मॅडम, आम्हाला पांढरी हवी होती," अतुल काकुळतीला आला.

"बाळा, तीस वर्षं मी शेळ्या बघते आहे. शोसाठी शिकवून आणलेली शेळी मला लांबून कळते. तुम्हा तिघांत शिक्षणाचा मागमूस नाही."

"हेच! हेच लिहून द्या!" कादंबरीने फॉर्म आणि पेन त्यांच्या हातात कोंबलं.

वांडाबाईंनी शेऱ्याच्या जागी शांतपणे लिहिलं: 'शिक्षणाचा मागमूस नाही.' अतुलने आनंदाने डोळे मिटले. बाईंनी पुढे लिहिलं: 'म्हणूनच या वर्षी सर्वांत' आणि त्यानंतर एक विशेषण, जे इथे वगळलं आहे. सही त्यांनी केलीच नाही. वरचं वाक्य खोटं आहे म्हणाल्या.

मिळालेल्या सह्या: शून्य. मिळालेल्या रिबनी: एक, दुभत्या शेळ्यांच्या गटातली, 'शेळी' खोडून वर 'बँड' लिहिलेली.

पार्किंगमध्ये सामान मिनीव्हॅनमध्ये भरताना प्रथमेश म्हणाला, "रेणूने काल गराजमधल्या मोठ्या बॅगा पुसून ठेवल्या. भरल्या नाहीत अजून. नुसत्या पुसून ठेवल्या."

"उद्या मंडळाचा कार्यक्रम आहे ना," कादंबरी म्हणाली. "उद्या मिळवू सह्या. तू घोगरा गा. मी बेसूर वाजवते."

"उद्या मी नीट गाणार."

"वेडा झालास का? आणि व्हिसा?"

"अकरा वर्षं डिक्या उघडतोय, कादंबरी. जायचंच असेल तर शेवटचं गाणं वाईट गाऊन जाऊ?"

तिने गिटार मिनीव्हॅनमध्ये सरकवली. अतुलने आपल्या वहीत 'जोखीम' या रकान्यात नोंद केली.

कार्यक्रम तिसरा. रविवार, दुपारी चार. मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन, शाळेचा भाड्याचा हॉल. उद्दिष्ट: पन्नास सह्या.

चारचा कार्यक्रम पाच वीसला सुरू झाला. टेलगेटला पाऊण तास दिला होता. आधी प्रायोजकांचे सत्कार झाले: घरं विकणारे एक, दात बघणारे एक, आणि घर घेताना दात काढावे लागले तर विमा देणारे एक. प्रत्येकाने 'मी फार वेळ घेणार नाही' असं म्हणून घेतला. उरली अकरा मिनिटं.

"प्रथमेश, दोनच म्हण हं," मंडळाच्या अध्यक्ष सरलाकाकू म्हणाल्या. "सातला हॉल परत द्यायचाय. आणि तुमचं ते काउबॉयचं जरा हळू आवाजात कर, मागे जेवण लावतायत."

"काकू, तिथे एक माइक—"

"एकच चालतोय. दुसरा अनाउन्समेंटला लागतो मला."

प्रथमेशने गिटार जुळवली. गाणं साधंच होतं. एक माणूस खूप वर्षं रस्त्यावर काढतो आणि आता आपलं घर मागे आहे की पुढे, हे त्याला आठवत नाही.

त्याने ते (विशेषण वगळलं आहे) गायलं. त्याचा आवाज एखाद्या (उपमा वगळली आहे) सारखा हॉलच्या पत्र्यापर्यंत गेला. दुसऱ्या कडव्यात कादंबरीचा व्हायोलिनवरचा बो क्षणभर थांबला (कारण वगळलं आहे). अतुल त्या तीन दिवसांत पहिल्यांदाच घड्याळाकडे बघायला विसरला. शेवटच्या कडव्याआधी प्रथमेशने श्वास घेतला, आणि त्या शांततेत—

"पांढरी होंडा ओडिसी कुणाची आहे? रॅम्पवर लागलीय, कृपया हलवा."

सात जण उठले. प्रथमेशने शेवटचं कडवं त्यांच्या पाठींकडे बघत गायलं, आणि तेही (वगळलं आहे) गायलं. ज्यांच्या हातात अजून प्लेट आली नव्हती त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आता निघू," तो कादंबरीला म्हणाला. "काय व्हायचं ते होईल."

अतुलने तरी कर्तव्य म्हणून माइक मागितला आणि नमुना ७-ब समजावून सांगू लागला. 'ते ऐकून मला विशेष काही झाले नाही' हे वाक्य त्याने वाचलं मात्र, पहिल्या तीन रांगांतून पेनं बाहेर आली. खोटी सही मागतोय म्हणून माफी मागायची त्याने तयारी केली होती. ती मागायची वेळच आली नाही.

नऊ मिनिटांत अडुसष्ट सह्या. एका गृहस्थांनी 'विशेष' हा शब्दही खोडला. अनेकांनी शेऱ्यासाठी पुरवण्या मागितल्या. निवडक शेरे फाइलमध्ये जोडले आहेत:

'प्रयत्न बरा. बैठक नाही.'

'माझा भाचा ठाण्याला असतो. तो याहून बरा गातो, आणि तो गातसुद्धा नाही.'

'वरचा सूर लागला, पण लागायला नको होता.'

'मराठीत काही कमी आहे का?'

'व्हायोलिनवाली बरी. गाणारा मध्ये मध्ये येत होता.'

'मठ्ठ्याला मीठ कमी.'

"अरे, आधी नाही का सांगायचंस!" सरलाकाकू गठ्ठा बांधून देताना म्हणाल्या. "मागच्या वर्षीच्या कार्यक्रमाच्याही देऊन टाकल्या असत्या. सगळ्यांच्या लक्षात आहे."

सोमवारी अकरा चाळीसला कागद पोचले. कंपनीने कळवलं, की इतका एकमुखी पुरावा समितीने आजवर पाहिला नव्हता. प्रथमेश टेंबे यांचं गाणं छंदच आहे, यात तिळमात्र शंका नाही. फाइल वेळेत गेली, व्हिसा तीन वर्षांसाठी वाढला, रेणूने बॅगा पुन्हा गराजमध्ये वरच्या फळीवर टाकल्या.

बातमी पसरली. वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेलहून एकाने मातीची भांडी पाठवली. ती फार सुबक होती म्हणून त्याची नोकरी धोक्यात आली होती. मंडळाने ती पाहून एकशे चार सह्या दिल्या. सांता क्लाराहून एक कथक करणारी हिमानी विमानाने आली, नाचली, दाखला घेऊन त्याच विमानाने परत गेली. आता मंडळाची 'सुमारता प्रमाणन उपसमिती' आहे, तिला तीन उपाध्यक्ष आहेत, आणि कुणाचंही काहीही न बघता दाखला द्यायचा का, यावर दोन गट आहेत. दाखला वर्षभरच चालतो. त्यामुळे प्रथमेशला दर वर्षी मंडळात गावं लागतं. तो दर वर्षी जीव ओतून गातो. अजून एकदाही धोका उद्भवलेला नाही.

फक्त त्या पहिल्या गठ्ठ्यात एक फॉर्म कादंबरीला सापडला होता. शेऱ्याच्या जागी काहीतरी लिहून, त्यावर पेन इतक्या वेळा फिरवलं होतं की कागद फाटायला आला होता. खाली नव्याने 'ठीक' लिहिलं होतं. तिने तो खिडकीशी धरला. खोडलेलं वाचता येत होतं: 'पोरा, रडवलंस.' सही सरलाकाकूंची.

प्रथमेशने काकूंना फोन केला.

"ते होय?" काकू म्हणाल्या. "पेन घसरलं असेल रे. आणि तू तो कागद फाडून टाक बरं. कुणी बघितला तर काय म्हणतील!"

प्रीताचंही मत तेच पडलं. सदर फॉर्म फाइलला जोडलेला नाही.

हा मजकूर मात्र जोडायचा आहे, त्यामुळे वाचकांच्याही सह्या लागतील.

*नमुना ७-ब. मी, खाली सही करणार, सदर कथा वाचली. ती वाचून मला विशेष काही झाले नाही. सही. शेरा, असल्यास.*

(जागा कमी पडेल हे गृहीत धरून मागची बाजू कोरी ठेवली आहे.)