तांब्याची कात्री

शरीरातली एन्झाइमं डीएनए कापतात, तसंच कापणारं तांब्याचं एक संयुग बनवायचं, यात मुंगीची चार वर्षं गेली होती. कधी रिकामी दिसत नसे म्हणून प्रयोगशाळेत तिला मुंगी म्हणत. संयुग कागदावर मोठं रुबाबदार दिसे, पण नळीत घातलं की लग्नघरातल्या रुसलेल्या पाहुण्यासारखं नुसतं बसून राही. आईचा रोज फोन यायचा, "कापलं का गं?" आईच्या शेजारणींना वाटे, पोरगी शिवणकाम शिकते आहे.

मग एके दिवशी कापलं. मोठे सर, म्हणजे तिचे मार्गदर्शक, शेजारी उभे होते आणि डीएनएच्या अगदी चिंध्या झाल्या. तेव्हापासून ते हमखास कापू लागलं, पण सर असले तरच. सर परिषदेला गेले की सगळं ठप्प. मुंगीने पाणी बदललं, मीठ बदललं, शेवटी खोली बदलली. सर परतले आणि कापलं.

"एकेकाचा हातगुण असतो," सर म्हणाले, आणि त्या खुशीत त्यांनी पदवीच्या परीक्षकांना प्रात्यक्षिकाला बोलावून टाकलं. "त्यांच्यादेखत कापून दाखव, की झालीसच तू डॉक्टर!"

मुंगीला प्रश्न पडला. हातगुण प्रबंधात लिहायचा कसा? तिने सरांवर पाळत ठेवली. गुण हातात नव्हता, तोंडात होता. सर हिरव्या झाकणाची संयुगाची नळी उघडत, तिच्यावर ओणवे होत आणि भरभरून बोलत, "शाब्बास रे पठ्ठ्या! फाड, फाड त्याला!" शेजारी तुलनेसाठी ठेवलेल्या, संयुग नसलेल्या साध्या नळीकडे ते ढुंकूनही बघत नसत.

तिने गुपचूप झाकणांची अदलाबदल केली. सरांनी साध्या नळीला शाबासकी दिली आणि तासाभरात त्यातल्या डीएनएचा भुगा झाला. थुंकीतही डीएनए कापणारं एन्झाइम असतं, हे ती पहिल्याच वर्षी शिकली होती. म्हणजे एवढं सगळं संशोधन ही सरांची थुंकी होती. मुंगी स्टुलावर बसली आणि मनसोक्त रडली.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "सर, संयुग कापत नाही. तुम्ही कापता."

"मी?"

"तुमची थुंकी, सर."

परीक्षक सरांचे कॉलेजपासूनचे प्रतिस्पर्धी. त्यांना हसू आवरेना. "म्हणजे इतके दिवस तू नळीत थुंकत होतास?"

सर आधी लालबुंद झाले, मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "पण चिंध्या होतात ना गं?"

"हो सर. उत्तम होतात."

"याच्या थुंकीला जमेल?"

"अरे, तुझ्यापेक्षा बारीक कापीन!" परीक्षक म्हणाले.

झालं! दोन विद्वान नळ्यांवर ओणवे होऊन भाषणं ठोकू लागले. सरांनी दुसरी फेरी मागितली. परीक्षक मध्येच पाणी प्यायले, तर सरांनी लबाडीचा आरोप केला. पदवीसाठी सही दोघांचीही हवी होती, तेव्हा मुंगी बिचारी नळ्या भरत राहिली. संयुगाची आणि साधी, अशा तिच्या दोन नळ्या झाकणं घट्ट लावून सकाळपासून ऊबपेटीत पडल्या होत्या. त्यांची आठवण कुणालाच नव्हती.

संध्याकाळी तिने सगळे नमुने जेलवर चढवले, जाता जाता त्या दोन नळ्यांतलेही. जेलमध्ये अखंड डीएनए वर अडून राहतो, तुकडे खाली पळतात. दोघे विद्वान आपापल्या तुकड्यांवर नाक टेकून भांडत असताना मुंगीची नजर कडेला गेली. साध्या नळीतला डीएनए जागच्या जागी होता. संयुगाच्या नळीतला खाली उतरला होता, स्वच्छ दोन तुकड्यांत. तासाभरात निकाल हवा हा सरांचा नियम, त्यामुळे बिचाऱ्या संयुगाला कुणी पुरता वेळच दिला नव्हता.

"कापलं!" ती किंचाळली.

परीक्षकांनी चष्मा चढवला, तो सरांनी ओढून घेतला. दोघांनी आळीपाळीने जेल निरखून पाहिलं.

"हे आपल्या दोघांपेक्षा सफाईदार आहे," शेवटी परीक्षकच म्हणाले. "या नळीवर कोण बोललं होतं?"

"कुणीच नाही, सर," मुंगी म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

सर धावत जाऊन ती नळी घेऊन आले. त्यांनी झाकण उघडलं, "शाब्बास" म्हणायला तोंडही उघडलं, आणि परीक्षकांनी झेप घेऊन त्या तोंडावर हात दाबला.