मेन कोठे शे?

वसंतनाना आमच्या घरी पहिल्यांदा आले ते भर वैशाखात, दुपारी तीन वाजता. धुळ्याहून जळगावला बदली होऊन आम्हाला दोनच दिवस झाले होते. भांडीकुंडी अजून पोत्यांतच होती आणि त्या भाड्याच्या घरात सुखाची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, डोक्यावरचा पंखा. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर नाना म्हणाले, "पाणी राहू द्या ताई. मेन कोठे शे?"

विजेचं मेन स्विच कुठे आहे, ते मला माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. नाना भिंती न्याहाळत आत गेले, देवाच्या फोटोमागे हात घातला आणि खटका खाली ओढला. पंखा थांबला. मग ते शांतपणे खुर्चीवर येऊन बसले आणि म्हणाले, "आता तुम्ही चालू करा. डोळे मिटून."

माझ्या सासूबाईंना आम्ही अक्का म्हणायचो. त्यांनी दारातून हे सगळं पाहिलं. "हाऊ मानूस येडा शे का?" असं त्यांनी मला विचारलं, तेही चांगलं ऐकू जाईल असं. नाना हसले नाहीत की रागावले नाहीत. "शे ना," ते म्हणाले, "पन देवना फोटो तठून काढा."

नाना आमच्यापासून दोन घरं सोडून एकटे राहत. एका गिरणीत वायरमन होते. अंगात पायजमा-सदरा, खिशात पेनाच्या जागी टेस्टर आणि पायांत कायम रबरी चप्पल. देवळात चप्पल काढावी लागते म्हणून ते देवाला बाहेरूनच नमस्कार करायचे. पहिल्या आठवड्यात मी त्यांना मनसोक्त हसून घेतलं. मग शेजारच्या पाटीलबाईंनी मला मधल्या भिंतीशी बोलावून सगळं सांगितलं आणि माझं हसू आटलं.

नऊ वर्षांपूर्वी नानांची बायको घरातल्या कूलरला चिकटून गेली. पत्र्याचा कूलर, खाली ओली फरशी. पाणी भरायला गेली आणि तिथेच राहिली. नाना गिरणीत होते. घरात फक्त दहा वर्षांची रेखा. लोक धावून आले तोवर सगळं संपलं होतं. त्या दिवशी नानांनी घरचं मेन खाली केलं, ते पुन्हा वर केलंच नाही. पोरीला पारोळ्याला मावशीकडे पाठवलं आणि स्वतः कंदिलावर राहू लागले. दिवसभर गिरणीचे दिवे सांभाळायचे आणि संध्याकाळी काच पुसून वात लावायची, हा त्यांचा संसार.

रेखाचं लग्न पारोळ्याहूनच झालं, फैजपूरला दिलं. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते. गल्लीतल्या कडुनिंबाला झोके बांधले जातात, घराघरांत आंब्याचा रस निघतो, लेकी गाणी म्हणतात. रेखा आखाजीला मावशीकडे जायची. नाना त्या दिवशी गल्लीतल्या झोक्याचे दोर ओढून बघत आणि घरात जाऊन दार लोटून घेत.

पण बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस ते आमच्या मागे असायचे. "बटन दिव्याचं असतं ताई, मेन घराचं. बटन बंद केलं म्हणजे दिवा गेला, करंट नाही गेला. एखाद्यानं बटन चुकून न्यूट्रलच्या तारेवर दिलं असलं, तर दिवा बंद दिसतो आणि हात लावला की धरतो. मेन दोन्ही तारा तोडतं." मी विचारलं, "मग रोज तेच बंद करायचं का?" तर म्हणाले, "मेन रोज लागत नाही. एकदाच लागतं. त्या एका वेळी सापडलं पाहिजे."

त्या एका वेळेची ते तालीम घेत. मेन छातीच्या उंचीवर हवं, पुढे कॅलेंडर नको, खाली कोरडी फळी हवी आणि घरातल्या प्रत्येकाचा हात तिथं आंधळेपणानं गेला पाहिजे. कोणी त्यातून सुटत नसे. सत्तरीच्या अक्कांसमोर त्यांनी एकदा नळ पकडला, अंग ताठ केलं आणि म्हणाले, "अक्का, मी चिकटलो." अक्का बिचाऱ्या घाबरून धावल्या आणि त्यांनी नानांचा दंडच धरून ओढला. "आता तुम्ही बी मेल्या," नाना ताठ उभे राहूनच म्हणाले. "माणसाला हात लावायचा नाही. मेनला लावायचा." अक्का आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी मात्र मी त्यांना डोळे मिटून मेन चाचपताना पाहिलं.

उन्हाळ्यात नाना बादली घेऊन गल्लीभर फिरत. प्रत्येक घरामागे मीठ-कोळसा घातलेला अर्थिंगचा खड्डा असतो, तो सुकला की अर्थिंग नावापुरतं उरतं. बायका तुळशीला पाणी घालत, नाना अर्थिंगला. नळ एक दिवसाआड यायचा, त्यामुळे त्यांना बोलणीही खावी लागत. संध्याकाळी पाच वाजता कूलर भरण्याआधी आमच्या गल्लीत घरोघरी मेन बंद व्हायचं. तो नानांचाच कायदा. पलीकडच्या गल्लीतले लोक आम्हाला खुळ्यांची गल्ली म्हणायचे. म्हणोत बापडे.

एकदा पाटीलबाईंच्या नणंदेसाठी धुळ्याला मुलगा पाहायला गेलो. वडीलधारं माणूस म्हणून नानांना सोबत नेलं, ही आमची चूक. पोह्याच्या बशा हातात आल्या आणि खोलीत अंधार झाला. मुलाची आई "अपशकुन, अपशकुन" म्हणत उठली. नाना आतून फ्यूजची चिनी मातीची ग्रिप हातात घेऊन आले आणि त्यांनी ती मुलाच्या वडिलांपुढे पोह्यांशेजारी ठेवली. तिच्यात फ्यूजच्या बारीक तारेऐवजी बायकांची केसांची पिन अडकवलेली होती. "तार वितळते म्हणून घर वाचतं," नाना म्हणाले. "ज्या घरात ती वितळूच नये म्हणून पिन घालतात, तिथं आमची पोर जळाली तरी कोनाले कळनार नही." स्थळ मोडलं. पाटीलभाऊंनी सहा महिने नानांचं तोंड पाहिलं नाही. पुढे मुलगी जामनेरला दिली, पण लग्न ठरण्याआधी पाटीलभाऊ स्वतः त्या घरचं मेन बघून आले, आणि हे त्यांनी कोणाला कळू दिलं नाही.

नानांनी हेच फैजपूरला व्याह्यांच्या घरी केलं. लेकीला भेटायला गेले आणि टीव्हीवर क्रिकेटचा सामना रंगात असताना मेन पाडून सगळ्यांना शिकवायला लागले. व्याही केळीवाले, माणूस मोठा, घरात पाहुणे. त्यानंतर त्या घरून नानांना बोलावणं आलं नाही. नात झाल्याचंही पोस्टकार्डानं कळलं.

त्या नातीच्या निमित्तानं एकदा रेखाचं पत्र आलं. नाना ते घेऊन माझ्याकडे आले. मी शाळेत शिकवते म्हणून नव्हे, त्यांना वाचता येत होतं. त्यांना ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. रेखानं लिहिलं होतं: आखाजीला पोरीला घेऊन येते, चार दिवस राहते, पण घरात पंखा पाहिजे. एवढ्या उन्हात वर्षाच्या लेकराला अंधाऱ्या घरात पाठवायला सासरे तयार नाहीत. ह्या वर्षी नाही जमलं, तर पुन्हा विचारणार नाही.

मी पत्र घडी करून दिलं. नाना म्हणाले, "ताई, तुम्ही येऊन चालू करता का? माझा हात नही जात."

मी गेले. त्या घरात ओसरीच्या पुढे मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. कंदिलाच्या काजळीनं भिंती काळवंडलेल्या होत्या. मी सवयीनं छातीच्या उंचीवर मेन शोधलं. नव्हतं. नानांनी वर बोट केलं. मेन दाराच्या चौकटीच्याही वर होतं. मी टाचा उंचावल्या, तरी माझा हात वीतभर खालीच राहिला.

"इतक्या वर?" मी विचारलं.

"मीच बसवलं," नाना म्हणाले. "पोरगी लहान होती. तिचा हात पोहोचू नये म्हणून."

गल्लीतल्या प्रत्येक घरातलं मेन त्यांनी भांडून, विनवून, फुकट राबून छातीवर आणलं होतं आणि त्यांचं स्वतःचं बारा वर्षं तिथंच होतं. मी त्यांना हसले होते, त्याची मला लाज वाटली. "आधी खाली घ्या," एवढंच मी म्हणाले. "मग रेखाच चालू करेल."

नानांनी गिरणीतून रजा काढली. जुनं मेन उतरवलं, नव्या फळीवर खाली बसवलं, घरातली तारन् तार बदलली, अर्थिंगमध्ये मीठ-कोळसा नव्यानं भरला. कूलर अर्थातच आणला नाही. पण खटका खालीच ठेवला.

आखाजीच्या आदल्या दिवशी उतरत्या उन्हात रेखा आली. मी तिच्यासाठी सरबत घेऊन गेले होते. ती उंबऱ्यातच थांबली. कडेवर पोर, हातात पिशवी. तिनं नव्या मेनकडे पाहिलंच नाही. वर, चौकटीवर, जिथं सिमेंटनं बुजवलेली चार भोकं दिसत होती, तिथं बघत राहिली.

"नाना," ती म्हणाली, "मी स्टूल आणायला पळाले होते."

नानांनी तिच्या हातातली पिशवी घेतली.

"स्टुलावर पाण्याची कळशी होती. पाणी सांडू द्यायचं नाही, असं तुम्ही शिकवलं होतं. म्हणून मी कळशी सावकाश उतरवली. ओढली असती ना नाना, तर आई…"

बारा वर्षं हे तिच्या मनात होतं. पारोळ्याला मावशीजवळ, फैजपूरला नवऱ्याजवळ, कोणाजवळच ती हे बोलली नव्हती. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

"तुनं काहीच चुकनं नही, बाई," नाना म्हणाले. "उंची मी ठरवली होती. तू नही."

रेखा रडायला लागली. ती रडते म्हणून पोरगीही रडायला लागली. खोली भट्टीसारखी तापली होती आणि त्या लेकराचं तोंड घामानं लालबुंद झालं होतं. नाना एकदा लेकीकडे, एकदा नातीकडे पाहत राहिले. मग भिंतीशी गेले आणि त्यांनी खटका वर केला.

पंखा कुरकुरला, थांबला, पुन्हा कुरकुरला आणि फिरायला लागला. नानांनी तारा तपासल्या होत्या, सांधे तपासले होते, पंख्याची पाती पुसायचं मात्र त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. बारा वर्षांची धूळ खाली आली ती रेखाच्या डोक्यावर. नाना पुढे झाले आणि तिच्या केसांवरून हात फिरवत ती झटकू लागले. धूळ निघून गेली, तरी त्यांचा हात थांबेना.