अकोटचं ऊन आणि गंगटोकच्या कुरडया

मे महिन्यात दुपारी दोन वाजता अकोटच्या आमच्या गल्लीत कुत्रंही दिसत नाही. दिसतात फक्त शेजारचे भास्करकाका. डोक्याला दुपट्टा गुंडाळून ओट्यावर उभे राहतात आणि स्वतःच्या बैलजोडीकडे बघावं तसं उन्हाकडे बघतात.

"पाय मास्तर, याले म्हन्तात ऊन! गंगटोकले भेटन काय असं?"

काकांचा भाजीचा मळा आहे. आमच्या घरातला पहिला पदवीधर आणि शाळामास्तर मी झालो, तो उन्हाळाभर त्यांच्या कूलरसमोर बसून अभ्यास केल्यामुळे. म्हणून मी "नाही भेटणार" म्हणतो.

त्यांची एकुलती लेक माधुरी गंगटोकला बँकेत आहे. गेल्या वर्षी काकू गेल्या, तेव्हा तिनं काकांना कायमचं राहायला नेलं. काका पंधरा दिवसांत परत! तेव्हापासून गंगटोकची काही खैर नाही.

"बर्फाचा डोंगर पाहिला का, काका?"

"पाह्यला. पांढरा हाये. आपला कापूसबी पांढरा हाये, अन् थो विकता येते."

"आणि लोक?"

"लय गोड. पन इतकं हळू बोलतात, मले वाटे घरात कोनी बिमार हाये."

खरा राग मात्र तिथल्या सूर्यावर. जाताना त्यांनी पिशवीत पितळी सोऱ्या नेला होता. स्टेशनवर पोलिसानं तो बाहेर काढून विचारलं, "ये क्या है?" काका गरजले, "कुरडई की मशीन!" तिथे माधुरीच्या गच्चीवर त्यांनी कुरडया टाकल्या.

"तीन दिवस वाट पाह्यली, मास्तर. बुरशी आली, पन सूर्य काई आला नाई. जिथं कुरडई वाळत नाई, तिथं मानसानं काहून राहावं?"

माधुरी दर रविवारी फोन करते. "बाबा, या ना आता. एकटे काय करून राहिले तिथं?"

"नाई येत! पयले ऊन दाखव, मंग येतो!"

ओट्यावरचं हे उत्तर ऐकून सारी गल्ली हसते. मीही हसायचो.

परवा सकाळी पाण्याची टाकी बघायला गच्चीवर गेलो. शेजारच्या गच्चीवर काका उकिडवे बसून सोऱ्या दाबत होते. खाली काकूंचं जुनं लुगडं अंथरलेलं. त्यावर कुरडया, एक लांबट, एक चपटी, गोल एकही नाही. बाजूला डबा, त्यावर माधुरीचा पत्ता.

मी कठडा ओलांडून गेलो. काका वर न बघताच म्हणाले, "तिच्या मायनं एक उन्हाळा चुकवला नाई. मी तिकडे जाऊन बसलो तं पोरीले घरची कुरडई कोन देईन?"

"काका, ती कुरडईला नाही, तुम्हाला बोलावते."

त्यांचा हात थांबला. लुगड्याचं दुमडलेलं टोक त्यांनी हळूच सरळ केलं.

"हे लुगडंबी नेलं होतं तिकडे," ते म्हणाले. "धुतलं, तं ओलंच राह्यलं."

मग एकदम आवाज चढवून, "अन् तू सरक बाजूले! माह्या कुरडईवर सावली पाडून राह्यला!"

मी सरकलो.