गॉर्डनने माळ्याचं झाकण बसवलं

गॉर्डन थ्वेट रेल्वेच्या तिकीट खिडकीवरून निवृत्त झाला, तेव्हा त्याला निवांत बसायचं होतं. पण इंग्लंडमधल्या स्किप्टन गावातल्या त्या दगडी चाळवजा घरात हिवाळ्यात निवांत बसणं कोणालाच जमत नसे. त्याची बायको मॉरीन टीव्हीसुद्धा कोट घालून बघायची. पाहुण्यांना वाटायचं, बाई बाहेर निघाल्यात. बिचारे चहा न घेताच उठायचे.

गारठा यायचा तो जिन्यावरच्या छतातून. तिथे माळ्यावर जायचं चौकोनी भोक होतं आणि त्याला बिजागरीचं पातळ झाकण.

"यंदा त्याचं काही केलं नाहीस, तर मी लीड्सला बहिणीकडे जाते," मॉरीन म्हणाली. आवाज चढवला नाही. (चढवला असता, तर गॉर्डन एवढा घाबरला नसता.)

गारठा अडवायला त्याने कडक फोमची फळी आणली. दुकानदार म्हणाला, पाच सेंटीमीटर जाडी पुरे. गॉर्डनने दहा घेतली. मॉरीन पाच सेंटीमीटरवर थांबेल, याची त्याला खात्री वाटेना.

झाकण काढून त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं, वर भरपूर गोंद ओतला, अगदी कडेला कड जुळवून फोम बसवला आणि त्यावर घरातले सगळे बीन्सचे डबे रचले. गोंद उत्तम निघाला. सकाळी झाकण उचललं, तर टेबलही उठलं. पाव कापायच्या सुरीने दोघांना वेगळं केलं, तेव्हा टेबलाचा बराचसा रंग झाकणाबरोबर गेला.

झाकण पुन्हा बिजागरीला लावलं. वर ढकललं. फोमचा कोपरा चौकटीला अडला. पुन्हा ढकललं, पुन्हा अडला. दार उघडताना किंवा लावताना त्याची कड गोल फिरते, ही गोष्ट गॉर्डनला माहीत होती. फक्त आयुष्यात कधी तिचा विचार करायची वेळ आली नव्हती.

मॉरीन खाली उभी होती. डोक्यावरच्या भोकातून वारा सरळ तिच्या मानेवर येत होता.

"आधी निदान बंद तरी व्हायचं," ती म्हणाली आणि बॅग भरायला गेली.

ती गेल्यावर गॉर्डनने शेजारच्या कीथला हाक मारली. कीथने शिडी धरली, गॉर्डनने तीच सुरी घेऊन फोमच्या कडा तिरक्या तासल्या. पांढरा भुगा जिनाभर उडाला, दोघांच्या भुवयांना चिकटला.

"जास्त कापलंस," कीथ म्हणाला.

"मुद्दाम कापलंय."

"बरं," कीथ म्हणाला. एवढंच, पण गॉर्डनला ते लागलं.

उघड्या कडांवर त्याने चंदेरी टेप मारली, चौकटीला चारही बाजूंनी रबराची पट्टी चिकटवली. पट्टी इतकी जाड, की कडी लागेना. शेवटी कीथने शिडीवर चढून खांदा लावला आणि कडी बसली. गॉर्डनने खाली मेणबत्ती धरली. ज्योत हलली नाही. तो तिथेच पायरीवर बसला आणि बराच वेळ उठला नाही. पाठ उठू देत नव्हती.

मॉरीन रविवारी परतली. जिन्यावर थांबून तिने वर पाहिलं, मान इकडून तिकडे फिरवली. मग कोट काढून खुंटीला लावला. गॉर्डनला एकदम भरून आलं. चहा करतो म्हणून तो आत सटकला.

चहा झाला तोच कीथ आला. डोक्यावर लोकरी टोपी, गळ्यात मफलर.

"परवापासून आमच्याकडे वरच्या मजल्यावर थंडीने राहता येत नाही रे. असं कधीच झालं नव्हतं."

"माळ्यामुळे असेल," गॉर्डन म्हणाला. "दोन्ही घरांचा माळा एकच आहे. मध्ये भिंतच नाही."

मॉरीनने चहाचा कप खाली ठेवला.

"म्हणजे इतकी वर्षं आमच्या हीटरवर तुझं छत तापत होतं," मॉरीन म्हणाली.

"मला वाटायचं, माझ्या घराचं बांधकामच चांगलं आहे," कीथ ओशाळून म्हणाला.

"असू दे. गॉर्डन तुझंही झाकण करून देईल. आता त्याला अनुभव आहे."

कीथने गॉर्डनकडे पाहिलं. मग रंग उडालेल्या टेबलाकडे पाहिलं.

"नको," तो हळूच म्हणाला, "मी टोपी घालून झोपेन."