दहावा माणूस आणि माझी कंबर

व्हिडिओ गेम खेळणारा माणूस आळशी असतो, हे मत मला मान्य नाही. मी स्वतः मोजून पाहिलं आहे. शर्यतीच्या शेवटच्या वळणावर माझी नाडी जिना चढतानापेक्षा जास्त जोरात पळते. मी सूक्ष्मजीवशास्त्राचा पदवीधर आहे, पुराव्याशिवाय बोलत नाही. आई म्हणते, "कुत्रा मागे लागला तरी नाडी पळते. म्हणून काय कुत्रा पाळायचा व्यायामाला?" आईशी शास्त्रीय चर्चा होत नाही.

म्हणूनच इनॉक आजोबांना परत उभं करण्याचं काम मी स्वतःहून अंगावर घेतलं.

एस्थर आजी गेल्यापासून आजोबांनी चालणं सोडलं होतं. पाय सुजले होते. डॉक्टर म्हणाले, "रोज थोडं चालत जा." आजोबांनी विचारलं, "कुठे?" डॉक्टरांनी औषध लिहून दिलं.

आणि आजीचं वर्ष जवळ येत होतं. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. त्या दिवशी आजोबांना सिनेगॉगमध्ये उभं राहून तिच्या नावाने कद्दिश म्हणायची होती. ही प्रार्थना एकट्याने म्हणता येत नाही, दहा पुरुष हजर लागतात. आजोबांच्या तरुणपणी पनवेलात गल्लीच्या तोंडाशी उभं राहून हाक मारली की दहाजण जमत. आता त्यातले बरेच इस्राएलमध्ये अशदोदला राहतात आणि सणाला फोनवर हात हलवतात. मी सुचवलं, "मग त्यांना व्हिडिओवर घेऊ. माझ्या गेममध्ये पाच देशांतली पोरं एकत्र खेळतात, सगळी हजर धरतात."

प्रार्थना चालवणारे सायमनकाका म्हणाले, "तिथे मेलेली माणसंही पुन्हा खेळायला येतात ना? इथे तसं नसतं."

शेवटी आजोबांनी फोन करकरून माणसं जमवली. नववे उरणचे एझ्राकाका. दहावा मी. अकरावा कोणीच नव्हता, पपा जहाजावर होते. पुढच्या वर्षाचा भरवसा नव्हता, कारण सायमनकाका आपल्या दोन्ही मुलांसकट महिन्याभरात इस्राएलला कायमचे निघाले होते. कद्दिश व्हायची तर याच वर्षी.

मी टीव्हीला मुष्टियुद्धाचा गेम जोडला. हातात दोन दांडे धरायचे आणि हवेत ठोसे मारायचे, पडद्यावरचा पैलवान तसेच मारतो.

"समोर कोण आहे?" आजोबांनी विचारलं.

"कोणी नाही."

"मग मारायचं कोणाला?"

"ज्याच्यावर राग असेल त्याला."

आजोबांनी दांडे घट्ट धरले. मग त्यांनी असा ठोसा मारला की पडद्यावरचा पैलवान दोरांवर जाऊन आदळला. त्यांचा राग कोणावर होता ते मी विचारलं नाही. पण त्यानंतर ते रोज उठायला लागले. सूज उतरली. जिना उतरून दुधाची पिशवी आणायला लागले. माझा सिद्धांत सिद्ध झाला होता, आणि सिद्धांत सिद्ध झाला की शास्त्रज्ञाने गप्प बसावं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

आजीच्या वर्षाच्या दिवशी सकाळी मी म्हणालो, "आजोबा, तुम्ही नुसते हाताने मारता. ठोसा कमरेतून निघायला हवा. हे बघा."

ठोसा कमरेतून निघाला. कंबर मात्र तिकडेच राहिली.

मी जमिनीवर आडवा. श्वास घेतला तरी कळ डोक्यात जात होती. डॉक्टर आले, त्यांनी सुई टोचली आणि म्हणाले, "बसायचं नाही, वाकायचं नाही. कडक फळीवर सरळ पडून राहा."

आतल्या खोलीत जाऊन आजोबांनी पांढरा सदरा घातला, टोपी घातली आणि बाहेर येऊन माझ्याजवळ उभे राहिले. मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. चांगले सडसडीत पाय, अजिबात सूज नाही.

तळमजल्यावरचे काशिरामकाका तेवढ्यात वर आले. उरणचे कोळी, बंदरावर आयुष्य गेलेलं, माल हलवण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. ते म्हणाले, "फली हाय ना? मंग पोराला फलीसकट नेऊ. आमी काय काय उचललाय, ह्यो त काय."

वरच्या मजल्यावरचा प्रितेश आणि त्याचे दोन भाऊ आले. चौघांनी मला खांद्यावर घेतलं. रस्त्यावर दुपार उतरत होती, ऊन थेट डोळ्यांत येत होतं, म्हणून आईने माझ्यावर पांढरी चादर डोक्यापर्यंत ओढली. प्रार्थनेनंतर वास घेऊन आशीर्वाद म्हणायला सब्जाच्या काड्या लागतात, त्यांची जुडी माझ्या छातीवर ठेवली. मागे टोपी घातलेले आजोबा, खाली मान घालून.

आता हे दृश्य बाहेरून कसं दिसत होतं, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

पहिल्या वळणावर एका स्कूटरवाल्याने थांबून हेल्मेट काढलं. फळवाल्याने हात जोडले. गैरसमज दूर करावा म्हणून मी चादरीतून हात वर केला, तर फुटपाथवरची भाजीवाली किंचाळून टोपलीवर बसली.

"गप पड रं," काशिरामकाका पुटपुटले, "मेल्यावानी पड."

सिनेगॉगच्या फाटकाशी एझ्राकाकांची रिक्षा नुकतीच थांबली होती. मोबाइल बंद करून त्यांनी खिशात टाकला आणि वर पाहिलं. एझ्राकाकांचे पूर्वज बगदादहून आलेले. ते कोहेन, म्हणजे पुरोहितांच्या वंशातले, आणि कोहेनाने प्रेताजवळ जायचं नाही असा नियम आहे. सगळे नियम पाळणारा माणूस आमच्यात एकच उरला आहे, तो हा. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं, रिक्षात बसले आणि रिक्षा वळवायला लावली.

"एझ्रा," आजोबांनी हाक मारली. मग ते धावले. खरंच धावले, पार कोपऱ्यापर्यंत. रिक्षा गेली.

प्रितेश मोटरसायकल घेऊन उरणच्या वाटेवर गव्हाणपर्यंत जाऊन आला. फोन बंदच. आत आम्ही नऊजण थांबलो, आठ बसलेले आणि एक आडवा. सूर्य मावळला की आमची तारीख बदलते. सायमनकाका खिडकीतून आकाश बघत होते. उजेड पिवळा झाला, मग करडा झाला. बाकीच्या प्रार्थना झाल्या. कद्दिशची जागा आली तेव्हा सायमनकाकांनी आजोबांकडे पाहिलं आणि पान उलटलं. आजोबा उभेच होते. शेवटपर्यंत उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या उशाशी घरचा फोन वाजला. एझ्राकाका रडत होते.

"इनॉकला दे बाळ. एरियलचं बाजारात ऐकलं... कालपासून पाणी गेलं नाही घशाखाली."

"काका, मीच एरियल."

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. मग मी त्यांना कंबर, फळी, चादर, सगळं समजावलं. ते पुन्हा रडले, यावेळी हसत. आणि मग एकदम थांबले.

"म्हणजे काल तुम्ही नऊच होतात? माझ्यामुळे एस्थरची कद्दिश..."

आजोबांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"झाली रे कद्दिश," ते म्हणाले. "एक बाहेरगावचा आला होता ऐन वेळी. म्हातारा होता. नाव विचारायचं राहून गेलं. संपल्यावर पाहिलं तर गेलेला."

पलीकडून एझ्राकाकांचा श्वास मला ऐकू आला. दहावा कमी पडला की प्रेषित एलियाहू हन्नबी म्हाताऱ्याच्या रूपात स्वतः येऊन उभे राहतात, असं आमच्याकडे लहानपणापासून सांगतात.

आजोबांनी फोन ठेवला आणि माझ्या डोक्याखालची उशी नीट केली. सायमनकाकांनाही कोणीतरी विचारलं म्हणे, त्यांनी नुसती मान हलवली.

आता अशदोदहून रोज फोन येतात. नबी पनवेलला आले, दाढी किती होती, उंच होते का, आणि तू तर तिथेच होतास, तू सायन्स शिकलेला, तू सांग. मी त्यांना सांगतो की मी आडवा होतो, मला फक्त छत दिसत होतं. निदान एवढं तरी खरं आहे.