गेंडे कुटुंबाचे सव्वीस भाग

“हे बाविसाव्या भागात येऊन गेलंय,” लिफ्टमध्ये खोपकर काका म्हणाले.

त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. मुलासाठी चौथा ट्यूशन टीचर कसा मिळवला, हे साने काकू मला सांगत होत्या.

“काय येऊन गेलंय?” काकूंनी विचारलं.

“गेंडीण पिल्लाला पोहण्याच्या, गाण्याच्या आणि शिंग चालवण्याच्या क्लासला घालते. शेवटी पिल्लू घरी यायचीसुद्धा फी मागतं.” अकरावा मजला आला आणि काका उतरून गेले.

काका सिंगापूरच्या पासिर रिसमधल्या आमच्या ब्लॉकमध्ये एकटेच राहतात. निवृत्त चीफ इंजिनिअर. सगळं आयुष्य जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेल्यामुळे “चहा घेणार?” हेही ओरडूनच विचारतात. त्यांचा धर्मग्रंथ एकच, ‘गेंडे कुटुंब’. तीस वर्षांपूर्वी टीव्हीवर ऐन जेवणाच्या वेळी लागणारी, मोठ्यांसाठीची कार्टून मालिका. नायक हेडक्लार्क गेंडा, पण इतका हळवा की साहेबांनी “बसा” म्हटलं तरी त्याच्या डोळ्यांत पाणी. कार्टून म्हणून मोठ्यांनी ती पाहिली नाही आणि हेडक्लार्क म्हणून मुलांनी. लवकरच बंद पडली.

काकांच्या दृष्टीने मात्र जगातली प्रत्येक गोष्ट तिच्या सव्वीस भागांत होऊन गेली आहे. सहा वर्षं विकत घ्यायला नुसतेच कॉन्डोमधले फ्लॅट बघत फिरणारे साने काका म्हणजे तेरावा भाग. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मोदक तळणीचे की उकडीचे यावर झालेली चार दिवसांची लढाई म्हणजे अठरावा. कुलकर्णीचा इथे नोकरी करायचा पास रिन्यू झाला नाही, तेव्हा काका त्याला म्हणाले, “सातवा भाग. गेंड्याची बदली होते.” मग तो जाईपर्यंत रोज त्याला जेवायला बोलावलं.

गंमत म्हणजे काकांनी यातला एकही भाग पाहिलेला नाही. तेव्हा ते जहाजावर होते. डोंबिवलीत काकी मालिका बघायच्या आणि गोष्ट पत्रात लिहून पाठवायच्या. पत्रं बंदरावरच्या एजंटकडून गठ्ठ्याने मिळायची, तीही उलटसुलट. त्यामुळे काका सांगतात त्या गोष्टीत गेंडा आधी निवृत्त होतो आणि मग नोकरीला लागतो.

यंदा गणपतीच्या बैठकीत ‘जुन्या आठवणी’ हा कार्यक्रम ठरला. साने काकू म्हणाल्या, “खोपकरांची मालिकाच दाखवू या. फार ऐकून झालं, एकदा खरंखोटं होऊन जाऊ दे.” मग माझ्याकडे वळल्या. “तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना? शोधून काढ. एकूण भाग किती होते तेही बघ. मला नाही वाटत सव्वीस असतील.”

मी मान डोलावली. बैठकीत मी कधी बोलत नाही. माझं शिक्षण इथे, इंग्रजीत झालं; माझं मराठी वाक्य संपायच्या आत कोणीतरी “किती गोड बोलते!” म्हणतं. त्या दिवशी मात्र हे कितव्या भागात झालं, ते काकांनी सांगितलं नाही.

मालिका सापडली. कोणा हौशी माणसाने जुन्या कॅसेटवरून इंटरनेटवर चढवली होती. पूर्ण मालिका, भाग नऊ. दहावा बनलाच नव्हता.

मी काकांकडे गेले. दारात उभी राहून कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होते, तर तेच म्हणाले, “नऊ ना?”

इतक्या हळू आवाजात ते बोलू शकतात, हे मला माहीत नव्हतं.

“रजेवर घरी आलो तेव्हा शेजाऱ्याने सांगितलं, ती तर कधीच बंद पडली. हिला मी काही विचारलं नाही. विचारलं असतं, तर पुढची पत्रं आली नसती.” जहाजाची कागदपत्रं ठेवायच्या प्लॅस्टिकच्या पाकिटातून त्यांनी निळी हवाई टपालाची पत्रं काढली. “मला सगळं माहीत होतं, हे ती जाईपर्यंत तिला कळलं नाही. तिला कोणी खोटं म्हणायला नको गं. बाकी मला काय म्हणायचं ते म्हणा.”

दहाव्या भागाचं पत्र मी तिथेच वाचलं. माझं मराठी वाचन हळू. अर्धा तास लागला. गेंडा ऑफिसातून घरी येतो, तर घराला दारच नसतं. गेंडीण आतून सांगते, तुम्ही सारखे जाता म्हणून काढून टाकलं. मग मी सगळी पत्रं वाचली. त्यात तीन रविवार गेले.

पुढची बैठक साने काकूंच्या हॉलमध्ये होती. सगळ्यांच्या हातात ढोकळ्याच्या प्लेट होत्या. काका कोपऱ्यात पेपर नॅपकिनची घडी घालत होते, परत उलगडत होते.

“काय गं, सापडलं?” काकूंनी विचारलं. “दहा तरी होते का?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काका सोडून. मी प्लेट खाली ठेवली.

“सव्वीस आहेत, काकू,” मी म्हणाले. “पहिले नऊ पडद्यावर दाखवता येतील. पुढचे सतरा एका बाईंनी लिहिलेत, ते फक्त कागदावर आहेत. मी सगळे वाचले. तेच जास्त चांगले आहेत.”