तहानलेल्या सब्ज्याची गोष्ट

"या ओळीला पाणी घालायचं नाही म्हणजे नाही! मान टाकली, सुकली, रडली तरी नाही!" शिबिराला निघताना बूट चढवत शास्त्रज्ञबाईंनी हुकूम सोडला. नववीतल्या या मुलीला घरात आता सगळे याच नावाने हाक मारत, आणि तिला ते मनापासून पटलेलंही होतं.

गॅलरीत सब्ज्याच्या कुंड्यांच्या दोन ओळी होत्या. डावीवर पाटी 'भरपूर पाणी', उजवीवर 'तहानलेली'. तहानलेलं रोप खुरटतं, पण त्याच्या पानांत सुगंधी तेल जास्त उतरतं, हे तिला विज्ञान प्रदर्शनात दाखवायचं होतं. गेल्या वर्षी तिचा ज्वालामुखी फुटलाच नव्हता, अख्खी शाळा फिदीफिदी हसली होती. यंदा इज्जतीचा सवाल होता!

"आणि डावीला रोज मगभर घाला. एवढं तरी जमेल ना?"

"आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत का गं?" आत्या फणकारली.

शिबिराहून परतल्या परतल्या शास्त्रज्ञबाई गॅलरीत धावल्या आणि किंचाळल्या. तहानलेली ओळ जंगलासारखी माजली होती. भरपूर पाण्याची ओळ मात्र पार काटकुळी.

"बाबाऽऽ!"

"मी एकदाच घातलं," बाबा चष्मा पुसू लागले. "म्हणजे रोज एकदाच. समोर 'तहानलेली' लिहिलेलं असताना माणसानं चहा प्यायचा तरी कसा?"

"अय्या दादा, तूपण? मी दुपारी घालायचे, गुपचूप!"

आईने भाजी धुतलेल्या पाण्याचं पातेलं पाठीमागे लपवलं.

"आणि डाव्या ओळीला?"

"ती वहिनी बघत होती ना?"

"मी? मला वाटलं, तुम्ही!"

उजवीकडे ओतताना उडणाऱ्या शिंतोड्यांवर बिचारी डावी ओळ कशीबशी तगली होती.

प्रदर्शन उद्यावर! शास्त्रज्ञबाईंनी रागारागाने डावीकडचं एक इवलंसं पान चुरगळलं. असा काही घमघमाट सुटला की आत्याला शिंकाच आल्या. मग उजवीकडचं तळहाताएवढं पान चुरगळलं. त्याला ओल्या वहीचा वास! बाई उडी मारून उठल्या आणि त्यांनी दोन्ही पाट्यांची अदलाबदल केली.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी ते इवलं पान नाकाशी धरलं आणि डोळेच मिटले.

"वा! पण इतकं बेताचं पाणी? काटेकोर काम आहे हे. कसं जमवलंस?"

"सोप्पंय सर," शास्त्रज्ञबाई म्हणाल्या. "घरच्यांना सांगितलं, यांना रोज मगभर पाणी घाला."